फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसासाठी उजेडाची सोय कशी करावी? (बेळगाव)

शहापूरची_लेक

नमस्कार मंडळी. माझी आत्या ८१ वर्षांची आहे. शहापुरातलं जुनं घर पाडायला दिलं आणि ती टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. एकटीच असते. सकाळी कामाला बाई येते, मी हिंदवाडीत असल्यामुळे संध्याकाळी फेरी होते, पण रात्री तिच्यासोबत कुणी नसतं.

शहापूरच्या घरात माजघर काळोखं होतं, तरी स्वयंपाकघरात ओट्याच्या बरोबर वर काचेचं कौल होतं. तांदूळ निवडणं, भाजी चिरणं, पेपर वाचणं सगळं त्या कौलाखाली चालायचं. दिवसा दिवा लावायची तिला सवयच नाही. इथे हॉलची खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीवर उघडते. छताला पीओपी आणि त्यात एकदम पांढऱ्या डाउनलाइटी. ती खुर्चीत बसते तिथे एक लाइट बरोबर डोक्यावर येते. म्हणते, "डोळ्यात खुपतंय गं, आणि तरीबी दिसंना झालंय."

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डावा अजून व्हायचाय. थोडी साखर आहे. रात्री बाथरूमला जाताना दिवा लावत नाही, कारण बोर्ड दाराजवळ आणि पलंग दुसऱ्या टोकाला. बिलाचीही धास्ती आहेच. मागच्या आठवड्यात बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळली, दाराची कडी हाताला लागली म्हणून वाचली. आता पाऊस लागलाय, दुपारी तीनलाच घरात काळोख होतो.

कुठल्या रंगाचे दिवे, किती वॅटचे, सेन्सरवाले घ्यावेत का? नुकताच रंग दिलाय, त्यामुळे भिंती फोडायच्या नाहीत. खर्च दहा हजारांच्या आत बसला तर बरं.

निपाणीकर

हॉलमध्ये २० वॅटच्या दोन बॅटन (ट्यूबसारखे लांब एलईडी दिवे) लावा, लख्ख उजेड पडेल. डाउनलाइटी बंदच ठेवा.

चष्मेघर

मी डोळे तपासण्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आत्यांचं वाक्य अगदी नेमकं आहे. खुपतं आणि तरी दिसत नाही, या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असतात.

वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान राहते, अंधारातही ती पूर्वीसारखी मोठी होत नाही. आतलं भिंग पिवळट आणि गढूळ होत जातं. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. आत्या ८१ च्या आहेत. तुम्हाला जो हॉल उजळ वाटतो तो त्यांना संधिप्रकाशासारखा वाटत असणार, म्हणून उजेड वाढवायलाच हवा. पण तेच गढूळ भिंग प्रखर किरण डोळ्यात सगळीकडे पसरवतं. उघडा, बारीक, तेजस्वी ठिपका नजरेत आला की समोरच्या वस्तूवर धुकं चढतं. डाउनलाइट नेमकं हेच करते.

तेव्हा उजेड भरपूर हवा, पण दिवा स्वतः डोळ्याला दिसता कामा नये. दुधी आवरणाची लांब बॅटन, छतावर किंवा भिंतीवर आपटून येणारा उजेड, कापडी शेडचा दिवा, असं काहीही चालेल. निपाणीकरांनी सुचवलेल्या बॅटन योग्यच आहेत, फक्त त्या टीव्हीच्या भिंतीवर लावू नका. आत्यांच्या खुर्चीच्या पाठीमागे किंवा बाजूला असू द्या.

आणखी एक. उजेडातून अंधारात आलं की म्हाताऱ्या डोळ्यांना रुळायला बराच वेळ लागतो. हॉल लख्ख आणि मधला बोळ काळोखा असेल तर बोळातली पहिली पावलं त्या जवळजवळ न बघता टाकतात. त्यामुळे एकच खोली उजळण्यापेक्षा सगळ्या घरात सारखा उजेड ठेवा.

दिव्याभोवती नव्याने वलयं दिसायला लागली, डोळा दुखायला लागला किंवा नजर अचानक कमी झाली, तर दिव्यांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

शहापूरची_लेक

चष्मेघर, आभार. एक विचारायचं राहिलं. तिला एका डोळ्याने भिंत पिवळसर दिसते आणि दुसऱ्याने निळसर पांढरी. एक डोळा झाकून मला दाखवत होती. हे काळजीचं आहे का?

चष्मेघर

नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याचं बाकी आहे, अशा बऱ्याच जणांना हे जाणवतं. उजव्या डोळ्यात आता स्वच्छ कृत्रिम भिंग आहे, त्यामुळे निळा रंग पुन्हा पुरेसा आत येतो. डावा अजून पिवळ्या भिंगातून बघतो. म्हणूनच ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड त्यांच्या उजव्या डोळ्याला जास्त टोचत असेल (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तेवढा उजेड पिवळा, जास्त तेवढा निळसर). मी ४००० केल्विन सुचवेन, दुकानात त्याला नॅचरल व्हाइट म्हणतात.

अनगोळकर

मला हे पटत नाही. आमच्या घरी आईला पिवळे दिवे लावले होते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, घरात सूतक असल्यासारखं वाटतंय, ट्यूबलाइट लाव. या पिढीने चाळीस वर्षं पांढऱ्या ट्यूबखाली काढलीत. त्यांना पांढरं म्हणजेच उजेड वाटतो. कूल डे लाइटच घ्या.

चष्मेघर

अनगोळकर, तुमच्या आईंचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. पिवळा म्हणजे २७०० ते ३००० केल्विन. त्या दिव्याचे लुमेन, म्हणजे त्यातून पडणारा एकूण उजेड, पुरेसे नसतील तर घर खरंच मलूल दिसतं. बहुतेक ठिकाणी पिवळा दिवा लावताना वॅटही कमी घेतले जातात आणि दोष रंगाला लागतो. ४००० हा पिवळा नाही. पिवळा आणि निळसर यांच्या मधला पांढरा आहे. एकदा लावून बघा आणि मग ठरवा.

खोक्यावर सीआरआय हा आकडा छापलेला असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, तोही बघा. ८० च्या खाली नको, ९० मिळाला तर उत्तम. तो कमी असला की कुंकवाची आणि हळदीची डबी सारख्याच मळकट दिसतात. गोळ्यांच्या रंगातही गफलत होते, आणि साखरेच्या पेशंटला ती परवडत नाही.

पक्कड

मी खानापूरकडचा वायरमन. वायरिंगचं मी सांगतो, डोळ्याचं चष्मेघर दादांनी सांगितलंय.

ताई, पहिली गोष्ट, वॅट बघून दिवा घेऊ नका. खोक्यावर लुमेन लिहिलेले असतात ते बघा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ८०० लुमेन द्यायचा, तेवढा आता ९ वॅटचा एलईडी देतो. चांगली २० वॅटची चार फुटी बॅटन दोन हजारांच्या आसपास देते. स्वस्तातली घेतली तर वॅट तेच आणि उजेड निम्मा, असं मी रोज बघतोय. आयएसआय किंवा बीआयएसचा शिक्का बघा, वॉरंटीचं बिल घ्या. गणपत गल्ली, खडेबाजारात दुकानं भरपूर आहेत. दुकानदाराला बॅटन पेटवून दाखवायला सांगा आणि मोबाइलचा कॅमेरा जवळ धरा. पडद्यावर काळ्या पट्ट्या जोरात पळायला लागल्या तर आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, हलका आहे. असल्या दिव्याने डोकं दुखतं.

दुसरी गोष्ट, भिंत फोडायची गरजच नाही. बोर्डापासून पलंगापर्यंत पांढरी केसिंग पट्टी मारायची, आत वायर. पलंगापाशी हात पुरेल असं टू-वे बटण. म्हणजे दारातून लावता येतंय, पलंगावरून बंद करता येतंय. अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझं ऐकाल तर सगळ्यात आधी हेच करा, बाकी दिवे नंतर.

बटण मोठं, रुंद पट्टीचं घ्या. पांढऱ्या भिंतीवर पांढरा बोर्ड त्यांना दिसत नसणार, बोर्डाभोवती गडद रंगाची टेप चिकटवा. आत बारका लाल दिवा असलेलं इंडिकेटरचं बटण अंधारात सापडायला सोपं जातंय, पण त्यात एक भानगड असते. बटण बंद केलं तरी काही एलईडी मंद पेटत राहतात किंवा लुकलुकतात. इंडिकेटरमधून जो बारीक करंट जातोय त्यावर एलईडी जिवंत राहतोय. म्हातारी माणसं घाबरतात, रात्री झोप लागत नाही. दिवा बदलून बघायचा, नाहीतर वायरमनकडून कॅपॅसिटर बसवून घ्यायचा. आणि बटण न्यूट्रलवर लागलंय की फेजवर, म्हणजे करंट येणाऱ्या वायरवर, ते नक्की तपासून घ्या. न्यूट्रलवर असलं तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज राहतोय. बल्ब बदलताना शॉक बसेल.

मंडोळी_रोड

आमच्या वडिलांना विसरायचा आजार आहे. फ्लॅटमध्ये आल्यावर जे जे केलं त्यातलं कामाचं तेवढं लिहिते.

सेन्सरचे छोटे दिवे पलंगाखाली आणि बोळात गुडघ्याच्या खाली लावलेत. पाय खाली टाकला की पेटतात. ही एक गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली. पिवळट केशरी उजेडाचे घ्या. रात्री पांढरा उजेड डोळ्यावर पडला की वडील जागेच राहायचे, आता परत येऊन झोपतात. चार्जिंगचे घेणार असाल तर चार्ज कोण करणार ते आधी ठरवा. आम्ही नंतर प्लगमध्ये बसणारे घेतले.

बाथरूममध्ये मात्र सेन्सर लावू नका. माणूस कमोडवर शांत बसला की त्याला वाटतं आत कुणी नाही, आणि दिवा जातो. आतल्या काळोखात वडील उठायला गेले होते. तिथे साधं बटण, आणि रात्रभर चालू राहील असा अर्ध्या वॅटचा दिवा. सेन्सर घेतानाही बघून घ्या. पीआयआर प्रकारचा अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. रडारवाला पातळ भिंतीच्या किंवा दाराच्या पलीकडची हालचालही धरतो, त्यामुळे जिन्यात कुणी गेलं तरी आमच्या दारातला दिवा पेटायचा.

आता फरशीबद्दल. आमच्याकडे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. डाउनलाइट लावली की तिचं प्रतिबिंब फरशीवर पांढऱ्या डबक्यासारखं पडायचं आणि वडील ते ओलांडायला पाय उंच टाकायचे. आम्हाला कितीतरी दिवस कळेना की ते असं का चालतात. मी एकदा त्यांच्या उंचीला वाकून, त्यांच्या शेजारी उभी राहून बघितलं तेव्हा ते पाणी मला दिसलं. डाउनलाइट बंद केली, भिंतीवर वर उजेड टाकणारा दिवा लावला आणि चाल सुधारली.

पडदे ओढणं आणि दिवे लावणं दिवस मावळायच्या आधी करा. सावल्या लांब झाल्या की वडिलांची घालमेल सुरू होते. तुमच्या आत्यांना तो त्रास नसेल, पण पावसाळ्यात दुपारीच काळोख होतो तेव्हा हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शहापूरची_लेक

मंडोळी_रोड, तुमचं वाचून आज आत्याच्या खुर्चीत बसून बघितलं. तिची मान थोडी पुढे झुकलेली असते, तशी झुकवून. डाउनलाइट थेट दिसत नाही, पण टीपॉयच्या काचेत ती दिसते आणि नेमकी वाचायच्या पानाच्या पलीकडे चमकते. काचेवर जाड सुती टेबलक्लॉथ टाकला. तेवढ्यानेच ती म्हणाली, "आता बरं वाटतंय." बाथरूमचंही बघितलं. पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, पांढरी बादली. एकातून एक वेगळं काढता येत नाही.

गुरुजी_निवृत्त

मी स्वतः ७७ वर्षांचा, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहितो. तुम्ही सगळी मंडळी आमच्यासाठी ठरवता आहात, ते प्रेमापोटी आहे हे मी जाणतो. तरी दिवे आणण्यापूर्वी आत्यांना एक प्रश्न विचारा : दिवसभरात कुठलं काम करायचं तुम्ही सोडून दिलंत? आम्ही माणसं दिसत नाही असं सांगत नाही. सुईत दोरा ओवणं बंद करतो, पेपराचे मथळे तेवढे वाचतो, पोथी मिटून नुसतं नामस्मरण करतो. घरच्यांना वाटतं, वयाने आवड कमी झाली.

माझ्या मुलाने मला वाकवता येणाऱ्या मानेचा टेबललॅम्प आणून दिला आणि मी पुन्हा बारीक टाइप वाचायला लागलो. तो खांद्याच्या मागून पानावर येतो. दिवा आणि पान यांतलं अंतर निम्मं केलं तर पानावरचा उजेड साधारण चौपट होतो. छताला चार दिवे वाढवून जे साधणार नाही ते टेबलावर एक दिवा जवळ आणून साधतं. ज्या डोळ्याने बरं दिसतं त्या बाजूने लावावा. लिहिणाऱ्याने मात्र लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला ठेवावा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली अक्षरांवर पडते.

स्वयंपाकघरात छताचा दिवा आपल्या पाठीमागे असतो आणि ओट्यावर आपलीच सावली पडते. वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेला, पातळ पट्टीची बॅटन लावावी. गॅसची ज्योत, सुरीची धार, दूध उतू येणं सगळं तिथेच बघायचं असतं. शहापूरच्या घरातलं काचेचं कौल नेमकं हेच काम करत होतं. कांदा चिरायला गडद पाटी घ्यावी आणि वांगं चिरायला पांढरी, म्हणजे भाजी पाटीवर वेगळी दिसते.

देवघरात छोटा झाकलेला दिवा हवाच. निरांजनाच्या उजेडात वाकून पोथी वाचताना पदर ज्योतीजवळ जातो, याची मला फार भीती वाटते.

निपाणीकर

गुरुजी, नमस्कार. आईला आजच हा प्रश्न विचारतो.

कॅम्पातला_शेजारी

बिलाच्या धास्तीबद्दल. आत्यांना हिशोब करून दाखवा. २० वॅटची बॅटन रोज दहा तास लावली तर महिन्याला सहा युनिट होतात. अर्ध्या वॅटचा रात्रीचा दिवा रोज दहा तास म्हणजे महिन्याला ०.१५ युनिट. जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो, प्रत्यक्षात दहा-पंधरा वॅट खायचा. कुठे राहिला असेल तर काढून टाका.

कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना २०२३ पासून आहे. घराच्या नावावर जेवढे युनिट मोफत ठरलेत तेवढे फुकट, त्यावर गेलं तर फक्त फरकाचे पैसे. २०० च्या वर गेलं तर मात्र पूर्ण बिल येतं. एकट्या माणसाच्या घरात दिव्यांमुळे २०० कधीच होणार नाहीत, गिझरवर लक्ष ठेवा. फ्लॅट नवीन असेल तर मीटर योजनेला जोडलाय का ते बघून घ्या. जुन्या घराचा जोडलेला होता म्हणून नवा आपोआप जोडला जात नाही.

माझ्या आईला हा हिशोब मी पाटीवर खडूने लिहून दिला होता. कागदावरचं तिला वाचता येत नव्हतं.

अनगोळकर

लाइट गेल्यावर काय करायचं? आमच्या अपार्टमेंटचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यापुरताच आहे, घरात काळोख. पावसात हे नेहमीचं आहे.

पक्कड

त्यासाठी इन्व्हर्टर बल्ब. आत बॅटरी असते, साध्या होल्डरात बसतोय. लाइट गेली की आपोआप पेटतोय, उजेड थोडा कमी पण काही तास चालतोय. मेणबत्ती, काडेपेटी शोधत फिरायचं काम नाही. मात्र भिंतीवरचं बटण चालू असलं तरच पेटणार, हे आत्यांना नीट समजावून सांगा. बोळात एक आणि बाथरूमच्या दाराबाहेर एक पुरे. मेन स्विच किंवा एमसीबी पाडून काम करताना हा बल्ब पेटलेला दिसला तर लाइनमध्ये करंट आहे असं समजू नका, आणि पेटला नाही म्हणून करंट नाही असंही समजू नका. टेस्टर लावूनच हात घाला.

सहा महिन्यांतून एकदा बटण चालू ठेवून मेन पाडून बघा, किती वेळ टिकतोय ते. बॅटरी गेली की कळत नाही.

मोबाइलवरून चालणारे स्मार्ट बल्ब एकट्या वयस्कर माणसाच्या घरात लावायला मी तरी सांगत नाही. कुणीतरी भिंतीवरचं बटण बंद करतंय, मग मोबाइलवरून काहीच होत नाही आणि घरातल्या माणसाला काय बिघडलं ते कळत नाही.

शहापूरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचा प्रश्न आत्याला विचारला. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, वाती वळायचं सोडलं. कापूस दिसतो, बारीक धागा दिसत नाही. मला हे माहीतच नव्हतं. मी तिला तयार वातींची पाकिटं आणून देत होते.

ठरवलेलं असं : पलंगापाशी टू-वे बटण सगळ्यात आधी. हॉलमध्ये ४००० केल्विनच्या दोन बॅटन, एक खुर्चीच्या मागे आणि एक बाजूच्या भिंतीवर. तिच्या डोक्यावरच्या डाउनलाइटीचं बटण टेप लावून बंद. ओट्यावर पट्टीची बॅटन. वाकणाऱ्या मानेचा टेबललॅम्प एक. बोळात आणि पलंगाखाली प्लगचे सेन्सर दिवे, बाथरूममध्ये साधा रात्रीचा दिवा. दोन इन्व्हर्टर बल्ब. कमोडला निळी सीट, लाल बादली आणि उंबऱ्याला पिवळी पट्टी. वायरमनची मजुरी धरून दहा हजारांत बसतंय.

एक शंका आहे. दुकानदार एकाच बॅटनमध्ये तीन रंग बदलणारी घ्या म्हणतोय. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला वेगळा रंग लागला तर सोय होईल का?

चष्मेघर

त्या बॅटनमध्ये बहुतेक वेळा बटण पटकन बंद-चालू केलं की रंग बदलतो. आत्यांकडून किंवा कामाच्या बाईकडून चुकून तसं होणार, आणि संध्याकाळी एकदम निळसर उजेड आला की त्यांना वाटेल डोळ्यालाच काही झालं. बॅटन एकाच रंगाच्या घ्या. ऑपरेशननंतर डोळा स्थिरावू द्या, नवीन चष्म्याचा नंबर मिळू द्या. मग टेबललॅम्पमधला बल्ब तेवढा बदलून, पुढ्यात कापूस ठेवून बघा. ३००० चा एक आणि ४००० चा एक आणून ठेवा. वाती कुठल्या उजेडात वळता येतात ते आत्याच सांगतील.